चार वाजेपर्यंतची खोली

परवा सकाळी वरूडहून दिवाकरचा फोन आला. दिवाकर म्हणजे माझ्या बायकोचा, कुंदाचा, धाकटा भाऊ. त्याला विचारायचं असतं बहिणीच्या तब्येतीचं, पण तिथे थेट हात घालायची त्याची हिंमत होत नाही, म्हणून तो आधी संत्र्याच्या बगिच्याचं बोलतो. "भाऊजी, पाणी बंद केलं कालपासून. ताण सुरू केला झाडाइले." मग हळूच मुद्द्यावर येतो. "ताई कशी हाय?"

"झोपली हाय," मी म्हणालो. आजकाल मी सगळ्यांना हेच सांगतो, ती जागी असली तरी.

फोन ठेवला, पण तो शब्द घरात राहून गेला. ताण. लग्न झाल्यापासून दर थंडीत मी तो ऐकत आलो आहे. संत्र्याच्या झाडाला सतत पाणी मिळालं तर ते नुसती पानं काढत बसतं, फुलायचं नाव घेत नाही. म्हणून थंडीत त्याचं पाणी तोडतात. पानं मलूल होतात, कडांनी वळतात, काही गळून पडतात. मग नेमका दिवस पाहून पाणी सोडायचं, म्हणजे ताण तोडायचा, की काही दिवसांतच झाड पांढऱ्या फुलांनी भरून जातं. त्या दिवसांत वरूडच्या रस्त्याने मोटरसायकलवर गेलं तर घरी येईपर्यंत शर्टाला वास राहतो. माझे सासरे होते तेव्हा रोज सकाळी एक पान तोडून मुठीत चुरायचे, कानाजवळ नेऊन ऐकायचे आणि म्हणायचे, "अजून चार दिवस." मला शेतीतलं काही कळत नाही, मी फवारणीची औषधं विकणारा माणूस. पण हे थांबणं मात्र मी त्यांच्याकडून शिकलो आणि नको त्या जागी वापरलं.

माझी नोकरी फिरतीची. घर अमरावतीला आणि काम अकोला, दर्यापूर, मूर्तिजापूर असं. महिन्यातल्या दहा-बारा रात्री तरी अकोल्यात. सुरुवातीची वर्षं स्टँडजवळच्या लॉजमध्ये गेली, जिथे गरम पाण्याची बादली पाच ते सातच मिळायची आणि शेजारच्या खोलीतला माणूस आपल्याच उशाशी खोकतोय असं वाटायचं. मग बायपासवर एका मोठ्या साखळीतलं हॉटेल आलं आणि आमच्या कंपनीने तिथे करार केला. पहिल्याच मुक्कामाला काउंटरवरच्या मुलीने मेंबर करून घेतलं. बिल कंपनीचं, पण राहिलेल्या रात्रींचे पॉइंट माझे; ते साठले की त्यांच्यावर फुकट रात्री मिळतात. घरी येऊन मी कुंदाला म्हणालो, "आता मी झोपलो तरी कमाई सुरू हाय." ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मंग झोपा."

तेव्हापासून मला जो नाद लागला तो आमच्या सगळ्या गोतावळ्यात टिंगलीचा विषय झाला. हॉटेलचे पॉइंट पुरेनात म्हणून मी त्याच हॉटेलचं, खर्चावरही पॉइंट देणारं क्रेडिट कार्ड काढलं. मग दुसऱ्याचा खर्च दिसला की माझा हात खिशाकडे जाऊ लागला. कोणी फ्रिज घेवो, कोणाच्या गाडीचे टायर बदलो, मी काउंटरपाशी हजर. "थांबा, कार्ड माझं मारा, तुमी मले नगदी द्या." अकोल्याच्या सराफ्यात पुतणीच्या लग्नाचे दागिने घेतले तेव्हा व्याह्यांना वाटलं, काका किती मोठ्या मनाचे, स्वतःच पैसे देऊन राहिले. कुंदाने तिथेच मान खाली घालून हसू दाबलं. दिवाकर तर अजूनही सांगतो, "भाऊजीइले तेरवीलेही बोलावलं तं पयले इचारतीन, आचाऱ्याकडं मशीन हाय का कार्डाचं."

हसायची गोष्ट होती, हसत होतो. ती कुठे थांबायला हवी होती ते आता कळतं.

मी हॉटेलात राहायचो आणि कुंदा हॉटेल चालवायची, असं म्हटलं तर खोटं नाही. आमचं घर अमरावतीत दवाखान्यांच्या भागात. त्यामुळे वरूडपासून दर्यापूरपर्यंत ज्याच्या कोणाच्या पोटात दुखलं, मुलाचं परीक्षेचं सेंटर आलं, डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, तो पिशवी घेऊन आमच्या दारात. एकदा आलेला माणूस एका रात्रीत कधी गेला नाही. मी अकोल्याच्या खोलीतून न वापरलेले साबण, शाम्पूच्या बाटल्या, कंगवे घेऊन यायचो, ते कुंदा बिस्किटांच्या जुन्या डब्यात साठवायची. पाव्हणा आला की धुतलेल्या टॉवेलवर एक चिमुकला साबण ठेवून हातात द्यायची. मोर्शीकडची एक म्हातारी मावशी तो साबण फोडायचीच नाही, वास घेऊन पदराला बांधायची. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या घरात कुंदाला कोणी बसल्या जागी चहा आणून दिल्याचं मला आठवत नाही. मीही नाही दिला. मला करता येत होता.

तिनेच एकदा विषय काढला. मी बॅग भरत होतो.

"अवो, तुमी राह्यता ते अकोल्याचं हाटेल दाखवा ना मले. एक रात."

"अकोल्यात काय हाय पाह्यासारखं?"

"पाह्याचं नाई मले काई. पाव्हणी व्हायचं हाय. कोणीतरी चहा आणून द्यावा आन् किती जण जेवाले हायत हे मले कोणी इचारू नये. आन् तुमी तथी एकटे काय करता तेही दिसन."

मी तिला बसवून समजावलं. अगदी मनापासून समजावलं, याचीच आता लाज वाटते. अकोल्याच्या एका रात्रीला जेवढे पॉइंट जातात त्या मानाने हाती काही लागत नाही, वाया जातात. तेच साठवले तर उदयपूरला तळ्याकाठच्या महालात सात रात्री मिळतात, एरवी आपल्याला परवडणारच नाहीत अशा. थांबलं की फुलतं. तुझ्याच बापाचं गणित हाय हे, असंही म्हणालो. ती म्हणाली, "मले महाल नाई पायजे वो." पण हे ती उठता उठता बोलली, कारण दारात कोणीतरी आलं होतं.

मागच्या वर्षी याच दिवसांच्या आधी तिच्या पोटातली गाठ सापडली. सोयाबीन निघून गेलं होतं, कापसाच्या गाड्या रस्त्याने जात होत्या, तुरी उभ्या होत्या. नागपूरच्या दवाखान्यात अनामत भरायच्या काउंटरवर मी उभा होतो. आत कुंदाला कपडे बदलायला लावलं होतं. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "कार्ड की रोख?" आणि माझ्या डोक्यात आलेला पहिला विचार असा होता की एवढी रक्कम एकदम मारली तर उदयपूरची सातवी रात्र पुरी होते. अर्धा सेकंद असेल. दुसऱ्या अर्ध्या सेकंदात मला घाम फुटला आणि मी खिडकीची जाळी धरली. मागचा माणूस म्हणाला, "काका, बसा." ही गोष्ट मी आजपर्यंत कोणाला सांगितली नाही.

त्या वेळी दिवाकर आमच्याबरोबर नागपुरात राहिला. रक्ताच्या बाटल्या, रिपोर्ट, जेवणाचे डबे, सगळं त्याने पळून पळून केलं. आणि इकडे त्याच्या बगिच्याचा ताण तोडायचा दिवस निघून गेला. गड्याला फोनवर सांगितलं होतं, पण मोटर जळाली, आणि आठवडा गेला. फुलांच्या दिवसांत कुंदाने हट्ट धरला म्हणून मी तिला गाडीत घालून वरूडला नेलं. पूर्वेकडच्या अंगाची झाडं अशी फुलली होती की पान दिसत नव्हतं. मी म्हणालो, "पाह्य, काही बिघडलं नाई. उलट जास्तच आलं." कुंदाने एक फांदी वाकवली, शेंडा नखाने खरवडून पाहिला, आणि सोडून दिली. "हे झाडं जातीन," ती म्हणाली. "जाच्या आधी असेच फुलतात." पावसाळ्यापर्यंत त्यातली निम्मी वाळली.

अकोल्याला आम्ही गेलो ते या वरूडच्या फेरीच्या थोडं आधी, मागच्या जानेवारीत. दोन केमोंच्या मध्ये डॉक्टरांनी तीन आठवडे दिले होते. विमानाला नको म्हणाले, लांबच्या प्रवासाला नको म्हणाले. उदयपूर तेव्हाच मागे पडलं. मला काहीतरी करायची इतकी घाई झाली होती की मी दवाखान्याच्या जिन्यात उभं राहूनच अकोल्याची खोली बुक केली. वाया जाणारे पॉइंट वाया जाऊ दिले. वर मेंबर म्हणून काउंटरवर फोन करून लेट चेकआउट मागून घेतला. एरवी बाराला खोली सोडावी लागते, आम्हाला दुसऱ्या दिवशी चारपर्यंत मिळाली. चार तास फुकट मिळवल्याचा मला तेव्हासुद्धा आनंद झाला होता.

कुंदाने निघताना पिशवीभर संत्री घेतली. "कोणाच्या घरी रिकाम्या हातानं कसं जायचं?" मी म्हटलं, घर नाही ते. ती म्हणाली, "तुमचं तं झालं घर इतक्या वर्षांत." डोक्याला स्कार्फ बांधला होता, बडनेरा सोडल्यावर तिने काच खाली केली आणि मूर्तिजापूरपर्यंत तोंडावर वारा घेत बसली. काउंटरवरच्या मुलीला तिने दोन संत्री दिली, दरवानाला दोन दिली. खोलीत आल्यावर सगळ्यात आधी पलंगाखाली वाकून पाहिलं, झाडलंय की नाही. मग खिडकीशी उभी राहिली. खाली हायवे, जिनिंग मिलकडे जाणारे कापसाचे ट्रक, पलीकडे एक पंक्चरचं दुकान. "एवढंच पाह्यता तुमी? रोज?" मी हो म्हणालो. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझा इतक्या वर्षांचा एकटेपणा पहिल्यांदा दिसला. तेवढी संध्याकाळ मात्र चांगली गेली. वेटरने चहा आणला आणि ती खरोखर बसून राहिली. अर्धाच प्याली, पण बसून प्याली.

सकाळी मी जागा झालो तेव्हा पलंगाची माझी बाजू सोडून सगळं आवरलेलं होतं. ती अंघोळ करून, बेसिन पुसून, टॉवेल घडी करून, कप धुऊन पालथे घालून उभी होती. कुठून अंगात जोर आणला देव जाणे. नाश्ता करून वर आलो, तर खोली साफ करणारी बाई दारात. दर्यापूरकडची होती, आमच्याच वयाची. कुंदाने तिला हात धरून आत घेतलं, खुर्चीवर बसवलं, संत्रं सोलून दिलं. किती लेकरं, नवरा काय करतो, सगळं विचारून झालं. ती बाई घाबरून खोलीभर पाहत होती. "काकू, तुमी सारंच आवरलं तं मी काय करू? फोटो टाकाव लागते वो मले, आधीचा आन् नंतरचा. सायेब म्हणतीन कामच नाई केलं."

आणि मग माझ्या डोळ्यांदेखत त्या दोघींनी मिळून नीट लावलेला पलंग विस्कटला. उशा फेकल्या, चादर चुरगाळली, बाईने फोटो काढला. दोघी तोंडाला पदर लावून हसत होत्या. मग ती बाई कुंदाला शिकवायला लागली, गादीचा कोपरा उचलून चादरीची घडी आत कशी दाबायची म्हणजे रात्रभर सुटत नाही. कुंदा गुडघ्यावर बसून कोपरा दाबत होती. तिच्या हाताच्या मागे सुईची निळी-काळी जागा दिसत होती.

मी ओरडलो. "जिंदगीभर हेच केलं तू! एक दिवस, एक दिवस बसून दाखव की गप! याच्यासाठी आणलं का तुले इथी?" आणखीही काही बोललो. पॉइंट हा शब्दही माझ्या तोंडातून गेला, मला पक्कं आठवतं. ती बाई बादली उचलून निघून गेली, संत्रं अर्धवट टेबलावर राहिलं.

कुंदा उठली आणि पलंगाच्या काठावर बसली. हात मांडीवर. शाळेतली पोरगी शिक्षा झाल्यावर बसते तशी. सकाळचे दहा वाजले असतील. बारा वाजले, एक वाजला. मी म्हणालो, "चल, निघू." ती म्हणाली, "चार वाजेपर्यंत हाय ना खोली? बसते मी." टीव्ही लावू का विचारलं, नको म्हणाली. जेवण मागवू का, नको. ती रागावलेली नव्हती, हे मला आजही खात्रीने वाटतं. मी सांगितलं ते ती करत होती. बसून दाखवत होती. मी त्या खोलीत फेऱ्या मारल्या, बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडलो, बाहेर येऊन तिच्या शेजारी बसलो. तिने माझा हात घेतला आणि म्हणाली, "जमत नाई वो मले." चारला दोन मिनिटं असताना आम्ही किल्ली परत केली.

उन्हाळ्यात ती सुधारली. डोक्यावर बारीक केस आले, गालावर मांस आलं, रिपोर्ट पाहून नागपूरचे डॉक्टर पहिल्यांदा हसले. घरात पुन्हा पाव्हणे सुरू झाले आणि मी एकालाही अडवलं नाही, कारण चुलीपाशी तिचा आवाज ऐकू येणं हेच मला हवं होतं. आषाढात एकदा ताटावर बसल्या बसल्या ती म्हणाली, "पुन्हा अकोल्याले जाऊ. या बारीनं बसीन मी. त्या बाईलेही भेटीन, तिचं संत्रं राह्यलं."

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "आता अकोला नाई. आता सरळ उदयपूर. पण डिसेंबरात. थंडीत तळ्याकाठी मजा असते, आन् ते महागाचे दिवस, तेव्हाच पॉइंटची खरी किंमत वसूल होते." सहा महिने तिच्या अंगात जीव होता. श्रावण होता, पोळा होता, दसरा होता. अकोला दोन तासांवर होतं. एका शनिवारी गाडी काढली असती तरी झालं असतं. वाळलेली झाडं डोळ्यांनी पाहून आलेला माणूस मी, आणि तरी म्हणालो, अजून थोडं थांबू.

दिवाळीच्या पाठोपाठ गाठ परत आली, आणि या वेळी एकटी आली नाही. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं. नीट, हळू आवाजात म्हटलं. मी त्यांना विचारलं, अकोल्यापर्यंत नेऊ का, दोनच तास लागतात, रस्ता चांगला आहे. त्यांना वाटलं अकोल्यात दुसरा कोणी डॉक्टर पाहिलाय. ते म्हणाले, "आता कुठेच हलवू नका." काय सांगणार, की तिथे तिला नुसतं बसायचं आहे?

तिचा पलंग आता पुढच्या खोलीत खिडकीशी आहे. मी नोकरीवर जाणं सोडलंय. पाव्हणे येतात पण राहत नाहीत, दारातून पाहून डोळे पुसत जातात. मोर्शीची मावशी येऊन गेली, जाताना डब्यात एक चिमुकला साबण परत ठेवून गेली. फोनवर हॉटेलवाल्यांचा मेसेज येतो, तुमच्याकडे इतके पॉइंट आहेत, सुट्टीचा आनंद घ्या. रोज वाटतं फोन भिंतीवर आपटावा. मग वाटतं, हे पॉइंट कोणीतरी घ्या आणि मला मागचा आषाढ द्या, एक शनिवार द्या. मागत असतो मी. चहा गाळताना मागतो, औषध मोजताना मागतो. कोणापाशी मागतो ते मला माहीत नाही.

काल दुपारी मी तिची चादर बदलली. तिला एका कुशीवर केलं, गादीचा कोपरा उचलला आणि त्या दर्यापूरच्या बाईने दाखवली होती तशी घडी करून आत दाबली. बघून बघून मलाही येत होतं. चारही कोपरे केले. मग चहा करून आणला, थंड केला आणि चमच्याने पाजला. तीन चमचे गेले. तोंड पुसलं. ती सगळं बघत होती, डोळे मात्र तेच, पाव्हण्याच्या ताटात काय संपलं ते लांबून ओळखणारे.

"झाली वो मी पाव्हणी," ती म्हणाली.

मी हसायचा प्रयत्न केला.

"किती दिवस ठेवता मंग?"

माझ्या खात्यात किती रात्री शिल्लक आहेत हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. आयुष्यभर मी तेवढंच मोजलं. काल मला एक आकडा बोलता आला नाही. शेवटी मी अकोल्याच्या काउंटरवर बोलायचो त्या आवाजात म्हणालो, "मेंबर आहो आपण. लेट चेकआउट मागून घेतो मी."

तिने डोळे मिटले. मला वाटलं झोपली. खिडकीतून ऊन आत आलं होतं, रस्त्यावरून संत्र्याची गाडी ओरडत गेली. भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते.

"ते चार वाजेपर्यंतच असते ना पण," ती म्हणाली.